चौकांतील बाग आणि घरांतील हवा

घरांत बाग करण्याची हौस अलीकडे आपल्या लोकांत फार वाढली आहे, आणि ती वाढावी हें आम्हांस इष्टच वाटतें. पूर्वीं तुळशीवृंदावन, त्याच्या भोंवतीं मोगऱ्या-जाईचीं चार झाडें आणि परसांत केळी, एवढ्यावर गृहस्थाची बाग पुरी होत असे. आतां बैठकीच्या कोंपऱ्यांत, जिन्याच्या पायऱ्यांवर, स्वयंपाकघराच्या खिडकींत, किंबहुना निजण्याच्या खोलींतही कुंड्या दिसूं लागल्या आहेत. परंतु अंगणांतली बाग आणि छपराखालची बाग ह्यांत एक मोठा भेद आहे, आणि तो आमच्या घरीं आम्ही बराच मनस्ताप सोसून शिकलों. अंगणांतील झाडांची हवा आकाश सांभाळतें. घरांतील झाडांची हवा घरच्या माणसांना सांभाळावी लागते.

आमचें घर खामगांवचें, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांत आम्ही ज्याला ‘घाटाखालचा’ मुलूख म्हणतों तेथलें. बुलढाणें, चिखली, मेहकर हीं घाटावरचीं गांवें. तेथें उन्हाळ्यांतही पहांटे पांघरूण लागतें अशी तिकडच्या आमच्या व्याह्यांची नेहमींची बढाई असते. आमच्याकडे वैशाखांत भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा मुलखांत वडिलांनीं घर बांधलें तें मध्यें चौक ठेवून. त्या चौकांतून उजेड येई, पाऊस येई, आणि दिवसभर तापलेली हवा रात्रीं वर निघून जाई. ह्या शेवटल्या गोष्टीकडे आमचें कधींच लक्ष गेलें नाहीं. जें फुकट मिळतें त्याचा हिशेब कोण ठेवतो?

वानरांचा उपद्रव वऱ्हाडांत राहणाऱ्यास सांगावयास नको. वाळत घातलेले पापड, देवापुढचा नारळ, एवढेंच काय पण धाकट्या नातवाच्या हातांतली पोळीसुद्धां त्यांनीं सोडली नाहीं. त्यांत धूळ आणि पारव्यांची घाण. शेवटीं तीन वर्षांपूर्वीं फाल्गुनांत, आमच्याच आग्रहावरून, चौकावर पारदर्शक पत्रे घालण्यांत आले. वानरें थांबलीं. सुरक्षित आणि उजेडाची अशी ती जागा पाहून धाकट्या सूनबाईंनीं तेथें हळूहळू बाग मांडली. मनीप्लँट, नेचे, सर्पपर्णी, अळवाच्या शोभेच्या जाती, शतावरी, मोगरा, असें करतां करतां सेहेचाळीस कुंड्या झाल्या. आम्हांसही कौतुक वाटलें. झाडें हवा शुद्ध करतात, आतां घरांत औषधापुरतीही अशुद्ध हवा राहणार नाहीं, असें व्याख्यान आम्ही जेवतांना सर्वांस दिलें. पेंशनीत निघालेल्या मास्तराची व्याख्यान देण्याची संवय जात नाहीं.

वास प्रथम वैशाखांत आला. फार नव्हे, सकाळीं दार उघडतांना गटाराची एक झुळूक येई आणि जाई. आषाढांत मात्र चौकांत पाऊल टाकतांच ओल्या गोणपाटासारखा, कुजट, जड असा वास नाकांत भरूं लागला. भिंतीच्या पायथ्याशीं काळसर बुरशी आली, दिव्याभोंवतीं बारीक चिलटें घोंघावूं लागलीं. मग जें सर्व घरांत होतें तेंच आमच्या घरीं झालें. कोणी उदबत्त्या लावल्या, कोणी फिनेल ओतलें, पुतण्यानें सुवासिक फवाऱ्याची बाटली आणली. आम्ही स्वतः रोज तिन्हीसांजेला धूप घालूं लागलों. दोन घटका बरें वाटे. पुढें धूप, फिनेल आणि कुजट वास ह्यांचें जें मिश्रण होई तें मूळच्या वासाहून वाईट.

आमच्या वडील वहिनींचें वय पंचाहत्तर. त्यांची खोली चौकाला लागून. श्रावणांत त्यांना खोकला जडला तो हटेना. रात्रीं बसून काढाव्या लागत. डॉक्टरांनीं छाती तपासली, औषध दिलें, आणि निघतांना सहज विचारलें, “घरांत कोठें ओल आहे काय?” त्या एका प्रश्नानें घरांत दोन पक्ष पडले. थोरल्या पुतण्याचें म्हणणें, कुंड्या आजच्या आज बाहेर काढा. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों त्या कुंड्या एकेक करून स्वतःच दिंडीकडे नेत होत्या, आणि डोळे पुसण्याला हात मोकळा नव्हता. तेव्हां वहिनीच खोलींतून म्हणाल्या, “भाऊजी, पत्रे तुम्ही घातलेत, आणि शिक्षा तिच्या झाडांना?”

हा प्रश्न आम्हांस लागला. आम्ही सूनबाईंना थांबविलें आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

पहिल्या दिवशीं आम्ही धूप, फिनेल, फवारा सर्व बंद केलें. ज्याला वासाचें मूळ शोधावयाचें आहे त्यानें वासावर दुसरा वास चढवूं नये. तापाचें कारण कळण्यापूर्वीं रोग्याचा घाम पुसण्यासारखें तें आहे. शिवाय धूप आणि उदबत्ती म्हणजे शेवटीं धूरच. त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल जातात, आणि खोकल्याच्या माणसाला तेच नकोत. पहांटे, रात्रभर दारें बंद राहिल्यावर, नाक ताजें असतांना, आम्ही व सूनबाई एकेका कुंडीजवळ जाऊन वास घेऊं लागलों. पाहणाऱ्यांना हें हास्यास्पद वाटलें असेल. पण नाकासारखें दुसरें यंत्र घरांत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं अळवाची एक मोठी प्लॅस्टिकची कुंडी उपडी केली. वरची माती तपकिरी. खालची चार बोटें मात्र काळीठिक्कर, चिकट, आणि तिला सडक्या अंड्याचा वास. तो वास आम्हांस ओळखीचा होता. आमच्या जिल्ह्यांत लोणारचें सरोवर आहे. उल्केच्या आघातानें बेसॉल्ट खडकांत झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर पाहण्यास दूरदूरचे शास्त्रज्ञ येतात, आणि आम्ही नोकरींत असतांना विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन तेथें अनेक वेळां उतरलों आहों. तळ्याच्या कांठच्या काळ्या चिखलांत पाय पडला कीं मुलें नाक धरून ओरडत, “गुरुजी, अंडीं सडलीं!” तोच हा वास. अर्धा जन्म मुलांना ज्याचें कारण समजावून सांगितलें तें आमच्या स्वतःच्या चौकांत, एका कुंडींत, सांपडलें.

कारण असें. मुळांना माणसाप्रमाणेंच प्राणवायु लागतो, आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं वाट बंद होते. कारण पाण्यांतून प्राणवायु हवेच्या मानानें सुमारें दहा हजार पटींनीं सावकाश पसरतो. मग तेथें प्राणवायूवांचून जगणारे जंतु राज्य करूं लागतात. ते गंधकाच्या क्षारांपासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायु करतात, आणि मुळें गुदमरून कुजूं लागलीं म्हणजे त्यांचा वास आणखी निराळा. लोणारांत निसर्गानें जें केलें तें आम्ही खालीं ताटली ठेवून व रोज पाणी घालून केलें होतें. त्यांत माती आमच्या शेतांतील काळी रेगड. ती कापसाला सोनें, पण कुंडींत विष; भिजली कीं फुगते, तिचीं सर्व छिद्रें मिटतात, आणि पाणी धरून बसते. सूनबाईंनीं ती हौसेनें शेतांतून आणविली होती, आणि आम्ही त्या वेळीं “घरची माती ती घरची माती” म्हणून शाबासकी दिली होती.

पुढें एक एक उलगडा होत गेला. कांहीं कुंड्यांतून डोळ्यांना झोंबणारा उग्र वास येई. तो अर्धवट कुजलेल्या शेणखताचा. खत पुरें मुरलेलें नसलें कीं त्यांतून अमोनिया सुटतो, आणि बाहेर शेतांत तो वाऱ्यावर जातो, घरांत जात नाहीं. चांगलें मुरलेलें खत किंवा गांडूळखत हातांत घेतलें तर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. हा मातीचा वासही जंतूंच्याच कृपेचा आहे. त्यांतील द्रव्यास १९६५ सालीं शास्त्रज्ञांनीं ‘जिओस्मिन’ असें नांव दिलें, आणि तें इतक्या अल्प प्रमाणांतही माणसाच्या नाकाला कळतें कीं आश्चर्य वाटावें. आमच्या नैयायिकांनीं पृथ्वीचें लक्षणच गंध हें सांगितलें, तें सहज आठवलें. असो. तात्पर्य, मातीला वास असावा. पण तो कोणता, हें पाहावें.

सर्वांत लाजिरवाणा उलगडा आमचाच होता. शेंगदाण्याची पेंड बादलींत आठ दिवस भिजवून तें पाणी आम्ही स्वतः दर पंधरवड्याला कुंड्यांना घालीत होतों, आणि त्याच्या वासाचा ठपका मनांत मोरीवर ठेवीत होतों. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ ग्रंथांत ‘कुणपजल’ नांवाचें एक खत सांगितलें आहे. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांत होती, ती भाषांतरासह १९९६ सालीं छापून निघाली. कुणप म्हणजे प्रेत, आणि मांस, चरबी इत्यादि शिजवून व आंबवून तें पाणी करावयाचें असल्यामुळें नांव सार्थ आहे. ब्राह्मणाच्या घरीं तें होणें नाहीं. पण आमचें पेंडीचें पाणी वासांत त्याचें सख्खें भावंड शोभलें असतें. प्राचीनांनीं तें बागेसाठीं सांगितलें, माजघरासाठीं नव्हे. आतां पेंड गच्चीवरच्या कुंड्यांना जाते. घरांत फक्त गांडूळखत, तेंही मूठभर, दोन महिन्यांतून एकदां.

वैशाखांतल्या गटाराच्या झुळकीचें कारण झाडांत नव्हतेंच. चौकाच्या मोरीच्या जाळीखालीं वांकडा नळ असतो. त्याच्या वळणांत पाणी उभें राहतें आणि गटाराची हवा वर येऊं देत नाहीं. पूर्वीं धुण्याभांड्याचें व पावसाचें पाणी त्यांतून नेहमीं जात असे. चौक झांकला, धुणें यंत्रांत गेलें, आणि उन्हाळ्यांत वळणांतलें पाणी आटून गटार व घर एक झालें. उपाय काय, तर दर चार दिवसांनीं तांब्याभर पाणी. ज्यांच्या घरीं न वापरली जाणारी न्हाणी आहे त्यांनींही हें करून पाहावें.

कूलरची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण घाटाखालीं तो प्रत्येक घरीं आहे. टाकींतलें पाणी दर आठवड्यास काढून टाकी घांसावी व उन्हांत कोरडी करावी. पडद्यांतील लांकडाचा भुसा दर वर्षीं नवा घालावा. आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. खिडकी बंद ठेवून कूलर चालविला तर घर थंड न होतां दमट होतें. कुंड्यांखालच्या ताटल्यांसही तोच आठवड्याचा नियम. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ, उथळ पाण्यांत वाढतो; उन्हाळी दिवसांत अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. त्याचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटतात व कोरडींही महिनोन्महिने टिकतात, म्हणून पाणी नुसतें ओतून टाकून भागत नाहीं. कड घांसावी लागते.

हें सर्व झाल्यावर चौथ्या हिश्श्यानेंही ओल कमी झाली नाहीं. सडका वास गेला, गोणपाटाचा राहिला. तेव्हां आम्ही पाटी घेतली. सेहेचाळीस कुंड्यांना रोज एक बादली, म्हणजे सुमारें १५ लिटर पाणी. झाड मुळांनीं जें पाणी पितें त्यांतलें शेंकडा ९७ हून अधिक तें पानांवाटे हवेंत सोडतें. राहिलेलें कांहीं मातीवरून उडतें. म्हणजे वर झांकण असलेल्या चौकांत आम्ही रोज जवळजवळ बादलीभर पाणी वाफ करून सोडीत होतों, आणि त्या वाफेला जाण्यास वाट नव्हती. ती भिंतींत शिरली आणि बुरशीला पोसूं लागली. ओल व बुरशी असलेल्या घरांत खोकला, दमा व श्वासाचे इतर विकार अधिक आढळतात, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत स्पष्ट नमूद केलें आहे. डॉक्टरांचा प्रश्न सहज नव्हता.

आणि झाडें हवा शुद्ध करतात त्याचें काय? ह्या समजाचें मूळ अमेरिकेंतील ‘नासा’ संस्थेच्या १९८९ सालच्या प्रयोगांत आहे. तेथें लहान, पूर्ण बंद पेट्यांत झाडें ठेवून हवेंतील कांहीं विषारी द्रव्यें कमी होतात असें दिसून आलें. प्रयोग खरा, पण आपलें घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ सालीं फिलाडेल्फियांतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनीं अशा अनेक प्रयोगांचे आंकडे पुन्हा तपासले. साध्या खेळत्या हवेची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडें लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आमचा चौक सुमारें १७ चौरस मीटरचा. म्हणजे कमींत कमी १७० कुंड्या, आणि वरची मर्यादा घेतली तर १७,०००! मग माणसांनीं कोठें बसावें? जेवतांना दिलेलें तें व्याख्यान आम्ही जेवतांनाच परत घेतलें. सूनबाई पदर तोंडाला लावून हंसल्या, व म्हणाल्या, “मामंजी, मीं झाडें हवेसाठीं लावलींच नव्हतीं, हिरवें दिसावें म्हणून लावलीं.” उलट रात्रीं झाडें अंगाराम्ल वायु सोडतात म्हणून घाबरण्याचेंही कारण नाहीं, एक माणूस दिवसांत सुमारें किलोभर सोडतो, त्यापुढें कुंडीचें तें काय!

तेव्हां उपाय एकच उरला, आणि तो वडिलांनीं बांधून ठेवलेला होता. आश्विनांत गवंडी व लोहार बोलावून पत्र्यांची मधली ओळ फूटभर उंच उचलली आणि दोन्हीं बाजूंच्या फटींना वानरांसाठीं मजबूत लोखंडी जाळी बसविली. पण वर वाट केली म्हणजे खालूनही वाट हवी. नवी हवा आंत आल्यावांचून जुनी बाहेर जात नाहीं. म्हणून दिंडीदरवाजाची खालची फळी काढून तेथेंही जाळी लावली. पत्र्याखालीं तापलेली हवा वरून निघते, खालून तिची जागा घेण्यास दुसरी येते. पंखा नाहीं, वीज नाहीं. दिंडीशीं धरलेली उदबत्ती (हिचा एवढा एक उपयोग) चौकाकडे वळून वर जातांना दिसली, तेव्हां घरांतील मुलांनीं टाळ्या पिटल्या. ज्यांचीं घरें मजल्यांच्या इमारतींत आहेत त्यांना हें साधणार नाहीं. त्यांनीं समोरासमोरच्या दोन खिडक्या सकाळ-संध्याकाळ तरी उघड्या ठेवाव्या, नाहींतर हवा बाहेर फेंकणारा पंखा बसवावा. आणि पंख्याच्या तोंडाहून आंत येण्याची वाट मोठी ठेवावी.

कुंड्यांची भरती नवी केली. घाटावरची तांबूस मुरमाड माती, जाड वाळू आणि मुरलेलें शेणखत समभाग, वर नारळाचा भुसा. रेगड अजिबात नाहीं. कुंडी होतां होईतों मातीची, न रंगविलेली; तिचें अंगच हवा घेतें. पाणी रोज न घालतां मातींत बोट खुपसून पेरभर कोरडें लागलें तरच घालावें. ह्या एका नियमानें बादली अर्ध्यावर आली, आणि चिलटें तर जवळजवळ नाहींशीं झालीं, कारण त्यांच्या अळ्या ओल्या वरच्या थरांतच वाढतात. पिवळें पान दिसतांच खुडावें. कोळशाबद्दल अनेकजण विचारतात. करवंटीचा कोळसा आपल्या असंख्य छिद्रांत वासाचीं द्रव्यें धरून ठेवतो हें खरें, पण तीं भरलीं कीं त्याचें काम संपतें; कोंपऱ्यांतली कोळशाची परडी वर्षभर राखण करील अशी कोणी आशा धरूं नये.

झाडें सेहेचाळीस होतीं, तीं आतां सव्वीस आहेत. वीस गेलीं त्यांत कांहीं मेलीं, कांहीं शेजारीं दिलीं, आणि मोगरा व रातराणी गच्चीवर गेलीं. मोगऱ्याला ऊन हवें, आणि रातराणीचा रात्रींचा उग्र वास निजण्याच्या जागीं डोकें उठवितो. कोणतीं ठेवावीं हें सर्वस्वीं सूनबाईंनीं ठरविलें.

वहिनींचा खोकला पार गेला असें म्हटलें तर खोटें होईल. वय आहे, आणि वऱ्हाडांतली धूळही आहे. पण गेल्या श्रावणांत त्या रात्रीं निजल्या. दुपारीं त्यांची खाट आतां चौकांतच असते, नेच्यांच्या रांगेशेजारीं. तक्रार एवढीच आहे, कीं वरच्या जाळीशीं वानरें येऊन बसतात आणि त्यांच्या पानाच्या डब्याकडे टक लावून पाहतात.